संदेशाचं दान आजही आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्राभ्यास संपला की चपला घालता घालता कोणीतरी थांबतं आणि हळूच विचारतं, "ताई, ते प्रोफेसीचं खरं असतं का हो?" पुढे तेच फोनवर, तेच मेसेजवर. असे साठलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. माझं मत आधीच सांगून टाकते. हे दान थांबलं असं शास्त्रावरून सिद्ध होत नाही, असं मला वाटतं. पण पारख न झालेला संदेश मंडळीत फिरू देणं हे मी पाप मानते. ज्यांचं मत माझ्याहून वेगळं आहे त्यांची बाजूही त्यांना पटेल अशी मांडायचा प्रयत्न केला आहे.

१. प्रोफेसी म्हणजे भविष्य सांगणंच ना? मग ज्योतिषात आणि यात फरक काय?

हा घोळ बराचसा आपल्या शब्दांमुळे होतो. बोलताना आपण 'भविष्यवाणी' म्हणतो, आणि तो शब्द कानावर पडला की मन थेट उद्याकडे धावतं. १ करिंथ १४ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात 'संदेश देणे' असं म्हटलं आहे, ते मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे. संदेष्टा म्हणजे देवाच्या वतीनं बोलणारा. आमोसाचं पुस्तक उघडून पाहा. खोटे तराजू, जोड्याच्या किमतीत विकला जाणारा गरीब, हा त्याचा विषय आहे. पौलानं १ करिंथ १४:३ मध्ये संदेशाची कामं सांगितली ती उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन अशी तीन.

भविष्य त्यात कधीकधी असतंही. अगब नावाच्या संदेष्ट्यानं मोठा दुष्काळ पडणार असं सांगितलं (प्रे. कृत्ये ११:२८). पण ते ऐकून अंत्युखियातल्या शिष्यांनी काय केलं, तर यहूदियातल्या भावांसाठी वर्गणी जमवली. ज्योतिषाकडे आपण आपला प्रश्न घेऊन जातो आणि तो पत्रिका मांडून उत्तर देतो. संदेश असा मागून निघत नाही. "पास्टर, माझ्या मुलासाठी जरा प्रोफेसी काढा" असं कोणी म्हणतं तेव्हा ती जुनीच सवय नव्या कपड्यात आलेली असते.

२. आमचे पाळक म्हणतात, चांगला उपदेश म्हणजेच आजची प्रोफेसी. बरोबर आहे का?

हे मत जुनं आहे आणि सुधारणावादी परंपरेत मोठमोठ्या लोकांनी ते मांडलं आहे. मला ते पटत नाही. १ करिंथ १४:३० मध्ये एक जण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं, तर पहिल्यानं गप्प राहावं असं सांगितलं आहे. आठवडाभर तयारी करून दिलेल्या उपदेशाचं हे वर्णन नाही. उपदेश हे शिक्षणाचं दान आहे. ते लहान नाही, फक्त वेगळं आहे.

३. वाद नेमका कशावरून आहे?

देव आजही बोलतो का, हा वादच नाही. दोन्ही बाजू देव शास्त्रातून बोलतो असं मानतात, दोघंही आजारी माणसासाठी प्रार्थना करतात, आणि देव आजही चमत्कार करू शकतो हेही दोघांना मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की पौलाच्या काळी मंडळीत संदेश, अन्य भाषा (न शिकलेल्या भाषेत बोलणं), चंगाई अशी जी दानं माणसांना दिलेली होती, ती देव आजही तशीच देतो का.

'नाही, त्यांचं काम झालं' म्हणणाऱ्यांना सेसेशनिस्ट म्हणतात. 'हो, देतो' म्हणणारे कंटिन्युएशनिस्ट. खाली मी साधं 'थांबलं म्हणणारे' आणि 'चालू म्हणणारे' असंच लिहिते. आपल्याकडे स्कॉटिश आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांच्या मागे सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा आहे. देवानं पूर्वी ज्या पद्धतींनी आपली इच्छा प्रकट केली त्या आता बंद झाल्या आहेत, असं तो पहिल्याच प्रकरणात म्हणतो. ब्रदरन मंडळ्याही बहुतेक याच बाजूच्या. पेंटेकॉस्टल आणि करिष्मॅटिक मंडळ्या दुसऱ्या बाजूला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांचं आणखी वेगळं आहे. एलन व्हाइट (१८२७–१९१५) यांच्या सेवेत हे दान दिसलं, हा त्यांच्या मूलभूत विश्वासांपैकी एक आहे.

४. १ करिंथ १३ मध्ये 'पूर्ण ते येईल तेव्हा अपूर्ण ते रद्द होईल' असं स्पष्ट लिहिलंय. बायबल पूर्ण झालं, म्हणजे प्रोफेसी संपली. मग वाद कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शाळेत असताना मलाही हेच उत्तर शिकवलं होतं, आणि ते इतकं सुटसुटीत आहे की सोडवत नाही.

पण ते वचन पुढे वाचा. आता आपल्याला आरशात अस्पष्ट दिसतं, तेव्हा समोरासमोर दिसेल. आता थोडं कळतं, पण तेव्हा मला जसं पूर्ण ओळखलेलं आहे तसं मी ओळखेन. माझ्या हातात सहासष्ट पुस्तकांचं पूर्ण बायबल आहे. मला समोरासमोर दिसतं का? पौलाहून माझं ज्ञान जास्त पूर्ण आहे का? करिंथच्या लोकांनी ते पत्र ऐकलं, तेव्हा 'पूर्ण' म्हणजे पुढे कधीतरी बांधला जाणारा ग्रंथसंग्रह असं त्यांच्या मनात येणंही शक्य नव्हतं. 'पूर्ण' म्हणजे ख्रिस्त परत येईल ती वेळ, हाच अर्थ तिथे बसतो. मंडळीची प्रौढता असा तिसरा अर्थही काही जण लावतात, पण 'समोरासमोर' हा शब्द तिथेही अडतो.

थांबलं म्हणणाऱ्यांमधले जाणते लोकसुद्धा आता या वचनावर भार टाकत नाहीत. त्या बाजूचे मोठे अभ्यासक रिचर्ड गॅफिन मान्य करतात की इथे ख्रिस्ताच्या येण्याबद्दलच बोललं आहे. मात्र कोणतं दान नेमकं कधी थांबणार हे सांगणं पौलाचा हेतूच नाही, असं ते म्हणतात. तेव्हा चालू म्हणणाऱ्यांनीही हे वचन जिंकल्यासारखं मिरवू नये. त्यांच्या बाजूनं ते झुकतं, पण वाद इथे मिटत नाही.

५. मग थांबलं म्हणणाऱ्यांचा खरा भक्कम मुद्दा कोणता?

इफिसकरांस २:२०. मंडळी ही प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर रचलेली इमारत आहे आणि कोनशिला ख्रिस्त आहे. गॅफिन यांनी १९७९ मध्ये हा मुद्दा नीट बांधून मांडला. पाया एकदाच घालतात. चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर कोणी पुन्हा पाया खणत नाही. आज प्रेषित नाहीत हे बहुतेक सगळे मानतात, मग त्याच वाक्यात त्यांच्या शेजारी बसलेले संदेष्टे तेवढे आजही कसे? ख्रिस्ताचं रहस्य प्रेषित आणि संदेष्टे यांना प्रकट झालं, असं इफिस ३:५ सांगतं. ते रहस्य आता लिहून झालं आहे.

हा युक्तिवाद मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा कित्येक दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालू म्हणणाऱ्यांच्या बाजूचे अभ्यासक वेन ग्रुडेम यांनी 'प्रेषित जे संदेष्टेही आहेत' असा ग्रीक वाक्याचा अर्थ लावून पाहिला, पण तो मला ओढूनताणून वाटतो. इफिस ४:११ मध्ये पौल त्यांना वेगवेगळे मोजतो. मला पटलेलं उत्तर साधं आहे. त्या काळचे सगळेच संदेश पायात गेले नाहीत. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असत (प्रे. कृत्ये २१:९). त्यांचा एक शब्दही शास्त्रात नाही. करिंथमध्ये आठवड्यामागून आठवडे दोघे-तिघे बोलत. त्यातलंही काही लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे मंडळीच्या उभारणीसाठी, त्या दिवसापुरता, शास्त्रात न जाणारा संदेश त्या काळीही होताच. पाया घालून झाला म्हणून तोही थांबला, हे वेगळं सिद्ध करावं लागेल.

६. देव आजही संदेश देत असेल तर ते बायबलमध्ये भर घालणं नाही का? प्रकटीकरण २२:१८ काय सांगतं?

प्रकटीकरण २२:१८ मधला इशारा त्या पुस्तकाच्या शब्दांबद्दल आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातही (४:२) अशीच ताकीद आहे, आणि त्यानंतर यशयापासून पौलापर्यंत कितीतरी लिहिलं गेलं. पण प्रश्नामागची काळजी अगदी खरी आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

थांबलं म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की देवाचा शब्द हा देवाचा शब्दच असतो, त्यात पहिला दर्जा आणि दुसरा दर्जा असं काही नसतं. देव बोलला असेल तर आज्ञा पाळायलाच हवी, आणि बोलला नसेल तर 'प्रभू म्हणतो' हे खोटं आहे. ग्रुडेम यांनी १९८० च्या दशकात याला वेगळं उत्तर दिलं. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची जागा नव्या करारात प्रेषितांनी घेतली. मंडळीतला साधा संदेश म्हणजे देवानं मनात आणून दिलेली गोष्ट माणसानं आपल्या शब्दांत सांगणं. देणारा चुकत नाही, पण ऐकण्यात, समजण्यात, सांगण्यात माणूस चुकू शकतो. म्हणूनच इतरांनी त्याचा निर्णय करावा असं १ करिंथ १४:२९ सांगतं. यिर्मयाचं पुस्तक समोर ठेवून 'यातलं काय घ्यायचं ते ठरवू या' असं कोणी म्हणत नाही.

हे मत मला बऱ्याच अंशी पटतं. मात्र पटत असेल तर त्याप्रमाणे बोलायला हवं. 'यहोवा असं म्हणतो' ही यिर्मयाची भाषा वापरायची आणि चूक निघाली की 'संदेश तर चुकू शकतो' म्हणायचं, असं दोन्ही हातांनी खाता येत नाही. "मला प्रार्थनेत असं जाणवतंय, तुम्ही पारखून पाहा" एवढं म्हणणं पुरेसं आहे.

७. अगबाचा संदेश चुकला होता का?

प्रे. कृत्ये २१:११ मध्ये अगब पौलाचा कमरबंद घेऊन आपले हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमेतले यहूदी या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील आणि परराष्ट्रीयांच्या हाती देतील. पुढे प्रत्यक्षात साखळ्या घालायला लावतो रोमी सरदार (२१:३३), आणि यहूदी पौलाला सोपवत नाहीत, मारत असतात. रोमी शिपाई त्याला त्यांच्या हातून सोडवतात. ग्रुडेम म्हणतात, गाभा खरा पण तपशील चुकला, प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसंच.

दुसरी बाजू प्रे. कृत्ये २८:१७ दाखवते. तिथे रोममध्ये पौल स्वतःच सांगतो की मला यरुशलेमेत बंदिवान करून रोम्यांच्या हाती देण्यात आलं. अगबाच्याच शब्दांचा हा प्रतिध्वनी आहे. बांधायला ज्यांनी कारण दिलं त्यांनी बांधलं, असं आपणही बोलतो. इथे मला थांबलं म्हणणाऱ्यांचं वाचन अधिक सरळ वाटतं. अगब चुकला यावर सगळं मत उभारू नये. पारख करण्याची आज्ञा पुरेशी भक्कम आहे.

८. प्रेषितांनंतर हे दान आपोआप बंद पडलं, असं इतिहास सांगतो ना?

आपोआप नाही आणि लगेच नाही. 'दिदाखे' नावाचं मंडळीच्या शिस्तीचं एक फार जुनं पुस्तक आहे. त्याचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. त्यात गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांचं काय करायचं याचे नियमच दिले आहेत. तीन दिवस राहिला तर खोटा. आत्म्याच्या नावानं पैसे मागितले तर ऐकू नका. आत्म्यात जेवणाचं पान मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवायला बसला तर खोटा. गंमत अशी की आत्म्यात बोलणाऱ्याची परीक्षा करू नका असंही तेच पुस्तक म्हणतं, आणि लगेच पुढे सांगतं की खरा आणि खोटा वागणुकीवरून ओळखा. भीती आणि सावधपणा त्या लोकांच्या मनात एकत्रच होते. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि इरेनेयस दोघंही लिहितात की अशी दानं आपल्या काळात मंडळीत आहेत.

मग मोंतानस आला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रुगिया प्रांतात, तो आणि प्रिस्किल्ला व मॅक्सिमिल्ला या दोन स्त्रिया 'नवा संदेश' सांगू लागल्या. मॅक्सिमिल्ला म्हणाली की माझ्यानंतर संदेष्टा नाही, एकदम शेवटच. युद्धं होणार असंही तिनं सांगितलं होतं. तिच्या विरोधकानं लिहून ठेवलं आहे की ती जाऊन तेरा वर्षांहून जास्त झाली, कुठे युद्ध नाही. या चळवळीचा मंडळीनं इतका धसका घेतला की पुढे आत्म्याच्या नावानं बोलणाऱ्या कोणाकडेही संशयानं पाहिलं जाऊ लागलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम हा नावाजलेला उपदेशक १ करिंथ १२ वर बोलताना कबूल करतो की हा भाग आपल्याला फार दुर्बोध आहे, कारण त्या गोष्टी आता घडत नाहीत.

यातून काय निघतं? थांबलं म्हणणारे म्हणतात, पाहा, काम झालं आणि दान ओसरलं. चालू म्हणणारे म्हणतात, भाजल्या हातानं मंडळीनं दार लावून घेतलं. इतिहास दोन्ही वाचनांना जागा देतो, म्हणून निर्णय शास्त्रावरूनच करावा लागतो.

९. हे सगळं पेंटेकॉस्टल लोकांनी अमेरिकेतून आपल्याकडे आणलं, असं आमच्या मंडळीत सांगतात. खरं का?

नाही, आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तरी हे ठाऊक असायला हवं. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात जिथून मानतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा १९०६ मध्ये सुरू झाल्या. त्याच्या आधीच्या जूनमध्ये, १९०५ साली, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मुलींचे गट तास न् तास प्रार्थना करत होते, पापं कबूल करून रडत होते. पुढे तिथे स्वप्नं, दर्शनं, अन्य भाषा यांच्याही नोंदी झाल्या. रमाबाईंनी ते काम थांबवलं नाही, आणि या जागृतीनंतरही त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याच्या शेवटापर्यंत बुडालेल्या होत्या. आत्म्याचं काम आणि शास्त्राचा अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांना मी केडगाव दाखवते. तिथल्या मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीला पोहोचली आणि तिथल्या १९०९ च्या जागृतीला निमित्त झाली. म्हणजे या बाबतीत पुणे जिल्ह्यातून बाहेर गेलं, बाहेरून आत आलं नाही.

त्याही आधी, १८६० मध्ये, तिरुनेलवेली भागात अरुलप्पन यांच्या चळवळीत संदेश आणि अन्य भाषा यांची नोंद आहे, आणि ते तर ब्रदरन परंपरेतले. पण तिथून केरळात पसरलेल्या जागृतीचं काय झालं तेही सांगायला हवं. जस्टस जोसेफ यांच्या गटाला संदेश आला की ख्रिस्त १८८१ मध्ये येणार. १८८१ आलं आणि गेलं. देशी असलं म्हणून खरं ठरत नाही.

१०. आम्ही कॅथलिक आहोत. रिट्रीटमध्ये 'येशू म्हणतो' असं सांगतात. चर्चचं काय मत आहे?

कॅथलिक शिकवणीत सार्वजनिक प्रकटीकरण आणि खासगी प्रकटीकरण असा फरक आहे. ख्रिस्ताच्या गौरवी आगमनापर्यंत नवं सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये म्हटलं. खासगी प्रकटीकरण, अगदी चर्चनं मान्य केलेलं असलं तरी, श्रद्धेच्या ठेव्याचा भाग होत नाही. त्या त्या काळात श्रद्धेनं जगायला ते मदत करू शकतं. दानं आजही आहेत असं त्याच परिषदेनं सांगितलं, आणि ती पारखण्याची जबाबदारी चर्चच्या मेंढपाळांवर ठेवली. करिष्मॅटिक चळवळ कॅथलिकांत १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झाली, आणि तीही याच चौकटीत चालते. तेव्हा वसईत असो वा गोव्यात, रिट्रीटमध्ये मिळालेला संदेश तुम्हाला बांधील नाही. आपल्या धर्मगुरूंशी बोला. पारखण्याच्या कसोट्या प्रश्न १२ मध्ये आहेत, त्या तुम्हालाही लागू पडतात.

११. स्त्रियांनी संदेश द्यावा का?

द्यावा. योएलाचं वचन मुलगे आणि मुली दोघांबद्दल आहे आणि पेत्रानं ते पेंटेकॉस्टच्या दिवशी उच्चारलं. १ करिंथ ११:५ मध्ये पौल स्त्री प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकण्याबद्दल बोलतो, म्हणजे ती संदेश देत होती हे गृहीतच आहे. १४:३४ मधल्या गप्प राहण्याचा अर्थ काय, यावर मतं वेगळी आहेत. काहींच्या मते ते संदेशांचा निर्णय करण्यापुरतं आहे. कोणताही अर्थ लावा, अकराव्या अध्यायाला खोडून टाकणारा अर्थ लावता येत नाही.

१२. सभेत कोणी उभं राहून संदेश दिला तर पारख नेमकी कशी करायची? 'आत्म्याला विझवू नका' म्हणून गप्प बसवतात.

'आत्म्याला विझवू नका' (१ थेस्सल. ५:१९) हे वचन जिथे आहे तिथेच दोन वचनांपुढे 'सर्व गोष्टींची पारख करा' असंही आहे. पहिलं म्हणून दुसरं गिळणारा माणूस पौलाचं अर्धं वाक्य वापरतो आहे.

मी पहिल्यांदा पाहते की ते शास्त्राविरुद्ध आहे का. असेल तर पुढे काही पाहायचं कारणच नाही. मग पाहते की त्यातून ख्रिस्त मोठा होतो की बोलणारा. मग त्याचं फळ: ऐकणारा उभा राहतो, की घाबरून बोलणाऱ्यावर अवलंबून राहू लागतो? बोलणारा थांबवलं तर थांबतो का, हेही पाहते. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (१४:३२), 'मला आवरलंच नाही' ही सबब पौलाला मान्य नाही. आणि पारख एकट्यानं करायची नाही. वडील मंडळींनी, उघडपणे, बोलणाऱ्यालाही बसवून करायची. ज्या मंडळीत संदेश देणारे पुष्कळ आहेत आणि 'हे देवाकडून वाटत नाही' असं आजवर एकदाही कोणी म्हटलेलं नाही, तिथे १४:२९ पाळलंच जात नाही.

१३. संदेश खोटा ठरला तर तो माणूस खोटा संदेष्टा झाला का? अनुवाद १८ तर मृत्युदंड सांगतं.

थांबलं म्हणणारे इथे कठोर आहेत: एकदा चुकला की संपलं. चालू म्हणणारे प्रश्न ६ मधला फरक दाखवतात. मध्ये एक तिसरी गोष्टही असते. काही संदेश अटीवर असतात. योनानं सांगितलेले चाळीस दिवस भरले आणि निनवे उभंच राहिलं, कारण लोकांनी पश्चात्ताप केला. यिर्मया १८:७–१० मध्ये देव स्वतःच हा नियम सांगतो. पण ही पळवाट नाही. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून येणार असे संदेश अनेकांनी देवाच्या नावानं दिले. निकाल वेगळा लागल्यावर काहींनी जाहीर क्षमा मागितली. काही शेवटपर्यंत सबबी सांगत राहिले. चुकून बोललेल्या माणसाला मी खोटा संदेष्टा म्हणणार नाही. जो चूक कबूल करत नाही आणि पुढच्या रविवारी नवा संदेश घेऊन उभा राहतो, त्याच्यापुढे मी बसणार नाही.

१४. एका सेवकानं सांगितलं, 'याच मुलाशी लग्न कर असं प्रभू म्हणतो.' मी नाही म्हटलं तर आज्ञाभंग होईल का?

नाही. लग्नाबद्दल शास्त्र सांगतं की ज्याच्याशी इच्छा असेल त्याच्याशी करावं, मात्र प्रभूमध्ये (१ करिंथ ७:३९). तिथे तुमची इच्छा मोजली जाते. देवाला तुमच्याशी बोलायचं असेल तर तुमचा पत्ता त्याला ठाऊक आहे. घाई करायला लावणारा, आईवडिलांपासून लपवायला सांगणारा किंवा शापाची भीती घालणारा संदेश तिथेच परत करा. एक 'नाही' पुरतं, कारण द्यावं लागत नाही.

१५. चंगाईचा संदेश मिळाला. औषध बंद करू का?

करू नका. हे उत्तर मी लांबवणार होते, पण जे सांगायचं ते थोडंच आहे. माझ्या मावशीला सभेत सांगितलं गेलं की साखर गेली, आता सुई म्हणजे अविश्वास. तिनं इन्सुलिन बंद केलं. सहाव्या दिवशी तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, पण 'माझाच विश्वास कमी पडला' हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. ज्यानं सांगितलं तो विचारायलाही आला नाही. देवानं बरं केलं असेल तर तपासणीत दिसेल आणि डॉक्टरच गोळी कमी करतील. येशूनंही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे दाखवायला पाठवलं होतं (मार्क १:४४).

१६. संदेशानंतर 'बी पेरा' म्हणून पैसे मागितले तर?

देऊ नका. दिदाखेतलं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे.

१७. आमची मंडळी थांबलं मानते. पण प्रार्थनेत मला एकदा एका बहिणीचं नाव तीव्रतेनं आठवलं, फोन केला तर ती संकटात होती. हे काय होतं?

थांबलं म्हणणाऱ्या बहुतेकांना यात अडचण नाही. ते याला देवाची तरतूद, आत्म्याचं मार्गदर्शन असं म्हणतील, फक्त 'प्रोफेसी' हा शब्द वापरणार नाहीत. एकोणिसाव्या शतकात लंडनला स्पर्जन उपदेश करत होते. असामान्य दानं थांबली असंच ते मानत. एकदा मध्येच एका दिशेला बोट दाखवून ते म्हणाले की तिथे एक चांभार बसला आहे, त्यानं गेल्या रविवारी दुकान उघडं ठेवलं, नऊ पेन्स घेतले आणि त्यात चार पेन्स नफा झाला. तो माणूस खरोखर तिथे होता आणि हिशेब तंतोतंत होता. पुढे त्याचा पालट झाला. स्पर्जन त्या माणसाला ओळखतही नव्हते. ग्रुडेम यांच्या बाजूचे म्हणतात, १ करिंथ १४:२५ मध्ये अंतःकरणातली गुपितं उघड होतात ती हीच. म्हणजे काही वेळा दोन्ही बाजू एकाच घटनेला वेगळी नावं देतात. सगळाच वाद शब्दांचा आहे असं नाही, पण थोडा आहे.

१८. संदेश अगदी तंतोतंत खरा निघाला. मग तो देवाकडूनच असणार ना?

तेवढ्यावरून नाही. अनुवाद १३:१–३ स्पष्ट सांगतं की चिन्ह खरं ठरलं, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. फिलिप्पैमधली दासी पौलाबद्दल जे ओरडत होती ते शब्दाशब्दानं खरं होतं, तरी पौलानं तिच्यातला आत्मा घालवला (प्रे. कृत्ये १६:१६–१८). उलट कयफा येशूच्या जिवावर उठलेला असताना नकळत खरा संदेश देऊन गेला (योहान ११:५१). फोन नंबर, घराचा रंग, मुलांची नावं सांगणाऱ्या सभा हल्ली पुष्कळ होतात, आणि अशी माहिती आज कोणालाही कुठूनही मिळू शकते. अचूकपणा ही एक कसोटी आहे. बाकीच्या प्रश्न १२ मध्ये.

१९. प्रे. कृत्ये २१:४ मध्ये शिष्यांनी 'आत्म्याच्या द्वारे' पौलाला यरुशलेमेस जाऊ नको म्हटलं, तरी तो गेला. त्यानं पवित्र आत्म्याची आज्ञा मोडली का?

आलेल्या प्रश्नांत सगळ्यात अवघड हाच. त्याच्या आदल्याच अध्यायात (२०:२२) पौल सांगतो की आत्म्यानं बांधलेला असा मी यरुशलेमेस जातो आहे. आत्मा एकाला जा आणि दुसऱ्याला नको सांगणार नाही. मला वाटतं, सोरच्या शिष्यांना जे कळलं ते खरं होतं, की तिथे बेड्या आहेत. 'म्हणून जाऊ नको' हे त्यांच्या प्रेमानं जोडलं. कैसरीयात हेच पुन्हा घडतं. अगब फक्त काय होणार ते सांगतो, आणि रडून 'जाऊ नका' म्हणणारे असतात बाकीचे (२१:१२).

पौल त्यांना खोटे म्हणत नाही. रागावतही नाही. तुम्ही रडून माझं मन का खचवता, असं विचारतो आणि मरायलाही तयार आहे म्हणून सांगतो. त्याचं मन वळत नाही हे पाहून ते म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. मग सामान बांधून निघतात, आणि कैसरीयातले काही शिष्य त्याच्याबरोबर यरुशलेमेपर्यंत जातात.